दुभत्या गाईंच्या आहारात प्रोबायोटिक : उपयोग व मर्यादा

ग्रामीण भागात चिकित्सालय वा औषधालय चालविणाऱ्या वैद्यबंधूंकडे पशुपालक स्वतःच्या प्रकृतीबरोबरच गोठ्यातील गाईचेही गाऱ्हाणे घेऊन येतात. ‘दूध घटले, फॅट लागत नाही, यीस्टची पुडी द्या’, ही मागणी आता नित्याची झाली आहे. पुडी देणे सोपे आहे. परंतु ती केव्हा उपकारक ठरते आणि केव्हा केवळ कालापव्यय करते, याचा विवेक देणाऱ्याजवळ असला पाहिजे. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

गाईचा अग्नी सर्वस्वी तिचा स्वतःचा नव्हे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. कडब्यातील सेल्युलोज पचविणारा पाचकरस तिच्या शरीरात निर्माण होत नाही. ते कार्य रुमेन या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव करतात. तेथील द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात असते. त्यांनी केलेल्या किण्वनातून अस्थिर मेदाम्ले निर्माण होतात व गाईची बहुतांश ऊर्जा त्यांतूनच मिळते. त्यांपैकी ॲसेटिक आम्ल हे दुधातील स्निग्धांशाचे एक प्रमुख मूलद्रव्य होय. वैरण कमी आणि मक्याचा भरडा अधिक झाला की आम्ले साचतात, रुमेनचा सामू ६ ते ७ वरून खाली उतरतो, तंतू पचविणारे जिवाणू मंदावतात आणि डेअरीत फॅट घसरलेली दिसते. आपल्या परिभाषेत हे अजीर्णच.

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट येथे उपयोगी पडते. चाऱ्याबरोबर रुमेनमध्ये शिरलेला प्राणवायू ते वापरून टाकते. प्राणवायू न सोसणाऱ्या तंतुपाचक जिवाणूंना त्यामुळे अनुकूलता लाभते. लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंसही ते उत्तेजन देते. मात्र ३९ अंशांच्या उष्णतेत ते तेथे स्थिरावत नाही. म्हणून नित्य सेवन आवश्यक. आठवड्यातून एकदा मूठभर, या प्रघाताला अर्थ नाही.

लाभ किती? फ्रान्समधील संशोधकांनी २००९ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात दुधाची सरासरी वाढ शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १.२ ग्रॅम आढळली. म्हणजे ४०० किलोच्या संकरित गाईत दिवसाला सुमारे अर्धा लिटर. पुडीचा रोजचा खर्च या अर्ध्या लिटरच्या दरापेक्षा कमी आहे काय, हा हिशेब ग्राहकासमोर मांडावा. तीन-चार लिटर वाढीचे आश्वासन देणाऱ्या वेष्टनावर आमचा विश्वास नाही.

औषधविक्रेत्यांनी लक्षात ठेवावे की हा जिवंत माल आहे. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर पडलेल्या डब्यातील यीस्ट मृत झालेले असू शकते. वेष्टनावर सूक्ष्मजीवाचे नाव, प्रतिग्रॅम सीएफयू व मुदत हे तीनही पाहावे. गरम आंबोणात यीस्ट वा लॅक्टोबॅसिलस कालवू नये. बॅसिलसचे बीजाणू मात्र उष्णता पुष्कळ सोसतात. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके सुरू असता लॅक्टोबॅसिलस व्यर्थ जाण्याचा संभव असतो. यीस्टला ती बाधत नाहीत. हा भेद पुष्कळांच्या ध्यानी नसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. लग्नकार्यातील उरलेला भात, पोळ्या किंवा धान्याचे पोते फोडून गाईने अकस्मात भरपूर खाल्ले, रवंथ थांबले, पोट तटतटले, गाय झोकांड्या देऊ लागली वा बसली, तर ते तीव्र आम्लविकाराचे लक्षण समजावे. अशा वेळी प्रोबायोटिक देत बसू नये. आंबट ताक तर मुळीच पाजू नये, कारण रुमेनमध्ये लॅक्टिक आम्लच साचलेले असते. धान्य तत्काळ बंद करावे व पशुवैद्यकास त्याच तासाला बोलवावे. शिरेतून द्रव, सोडा बायकार्बोनेट, प्रसंगी रुमेन शस्त्रक्रियेने रिकामे करणे, हे उपचार त्यांच्याच अधिकारातील आहेत. विलंब झाल्यास गाय दगावते. गल्ल्यावर बसणाऱ्या मदतनिसालाही ही लक्षणे पाठ असावीत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक तेथे ठळक लिहून लावलेला असावा.