बाळंतपणाच्या महिन्यांत हातात पैसा असला तर

गरिबाच्या हातात रोख पैसा दिला की तो दारूच्या गुत्त्यावर जातो, असे आपण कायम ऐकतो. कधी कधी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकतो. या अंकात आम्ही केनिया देशातील एका मोठ्या पाहणीची माहिती देत आहोत, कारण तिथे दिलेल्या पैशाचा हिशेब तान्ह्या बाळांच्या जिवावर मोजला गेला.

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराजवळ सियाया नावाचा भाग आहे. मका-ज्वारीची छोटी शेती, मिळेल ती मजुरी आणि मलेरियाचा कायमचा ताप, असे तिथले जगणे. २०१४ ते २०१७ या काळात गिव्हडायरेक्टली या संस्थेने तिथल्या साडेदहा हजारांहून जास्त गरीब घरांना प्रत्येकी सुमारे एक हजार डॉलर दिले. त्या वेळच्या भावाने साठ-पासष्ट हजार रुपये. गरीब कोण, हे ठरवायची खूण सोपी होती : ज्याच्या घरावर गवताचे छप्पर तो. पैसे हप्त्याहप्त्याने थेट मोबाईलवर आले. परतफेड नाही, अट नाही, कशावर खर्च केले याची विचारपूस नाही. एकूण ६५३ गावांतून कोणत्या गावाला पैसे द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे पैसे मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांची तुलना सरळ करता आली.

नंतर संशोधकांनी घरोघरी जाऊन एक लाखाहून जास्त जन्मांची नोंद घेतली. २०२५ साली निष्कर्ष बाहेर आले. पैसे मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले होते, पाच वर्षांच्या आतले मृत्यू ४५ टक्क्यांनी. एखाद्या लसीनेही इतका फरक पडला तर डॉक्टर लोक आनंदाने उड्या मारतील. इथे तर औषध कोणी दिलेच नव्हते.

मग झाले काय? बाळ बहुतेक वेळा जन्माच्या वेळी किंवा पहिल्या काही दिवसांत दगावते. गुदमरते, अपुऱ्या दिवसांचे असते, जंतुसंसर्ग होतो, कळा लांबतात. यातले बरेचसे मृत्यू डॉक्टर हाताशी असेल तर टळतात. पण दवाखान्यापर्यंत जायला रात्री गाडी लागते, गाडीवाला आधी पैसे मागतो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. म्हणून बाई म्हणते, बघू सकाळी. सियायात पैसे आल्यावर दवाखान्यातली बाळंतपणे ४५ टक्क्यांनी वाढली.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे तीन महिने, या काळात बायकांचे कामावर जाणे जवळजवळ निम्म्याने घटले. कोणी त्यांना विश्रांती घ्या म्हणून व्याख्यान दिले नव्हते. विश्रांती परवडली, म्हणून त्यांनी घेतली. आपल्याकडे पोट आठव्या महिन्याचे असताना ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा चार घरची धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला ‘आराम कर’ सांगणे सोपे असते. तिची त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे सांगणारा विरळाच.

दारूचे काय, असे कोणी विचारील. त्याच भागात रारिएडा इथे आधी झालेल्या पाहणीत लोकांनी पत्र्याचे छप्पर घातले, जनावरे घेतली, पोटभर जेवले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. अनेक देशांतल्या अशा पाहण्या जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी एकत्र तपासल्या, तेव्हाही हेच दिसले.

मात्र दोन गोष्टी लपवून चालणार नाहीत. ज्या घरांपासून डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता, तिथेच जास्त जीव वाचले. दवाखानाच नसेल तर नुसता पैसा घेऊन बाई जाणार कुठे? आणि पैसे संपल्यावर जन्मलेल्या बाळांचे मृत्यूचे प्रमाण बरेचसे पूर्वीसारखे झाले. म्हणजे मदत ऐन बाळंतपणाच्या वेळी हातात असायला हवी, मागाहून नव्हे.

बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती व पैसा दोन्ही मिळावे, ही मागणी आपल्याला नवी नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे, म्हणून त्या खर्चाचा काही भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता.

आज सरकार काय देते? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन टप्प्यांत : गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३०००, बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर २०००. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६०००. वास्तविक २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच किमान ६००० रुपये लिहिले आहेत. त्या रकमेत तेव्हा जे येत होते ते आज येत नाही. शिवाय अनुसूचित जातीच्या किंवा दारिद्र्यरेषेखालील बाईचे बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले, तर जननी सुरक्षा योजनेतून महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७००, शहरात ६०० रुपये मिळतात. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, औषधे, तपासण्या, तिथले जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी यांना पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका, पावती मागा.

१९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेले आपले लोकही अनुसूचित जातीच्या सवलतींना पात्र आहेत. तरी दाखला हाताशी नसेल तर मातृवंदनेसाठी ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्डही चालते. दिवस गेल्याचे कळताच आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे नाव घाला. खाते बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेले हवे. बरेच अर्ज याच एका कारणाने अडतात, तेव्हा बँकेत जाऊन हे काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच उरकून घ्या.