मालक दुकानात नसताना गोळीबार झाला तर?

आजचा विषय जरा अंगावर येणारा आहे. दुकानात कुणी बंदूक घेऊन घुसलं तर स्टाफनं काय करायचं? "आपल्या पुण्यात कशाला असलं काही?" असं म्हणायच्या आधी १३ फेब्रुवारी २०१० ची संध्याकाळ आठवा. कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी. तिथे बंदूक नव्हती, बॉम्ब होता. पण १७ जीव गेले, आणि जागा साधी खाण्यापिण्याची होती.

ट्रेनिंगमध्ये मी मात्र २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईचं उदाहरण देतो. ताजबद्दल सगळेच बोलतात. मी दोन मराठी नोकरदारांबद्दल बोलतो.

विष्णू झेंडे सीएसटीवर अनाउन्सर होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते माइकवरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले, मागच्या गेटनं बाहेर पडा. त्या रात्री स्टेशनवर पन्नासहून जास्त माणसं गेली, पण त्या आवाजामुळे कितीतरी वाचली. नुसतं "पळा" ओरडणं वेगळं आणि कुठून पळायचं ते सांगणं वेगळं.

तिथून ते दोघे दहशतवादी कामा हॉस्पिटलमध्ये शिरले. अंजली कुलथे तिथे रात्रपाळीच्या नर्स. त्यांनी वॉर्डचे दरवाजे बंद केले आणि २० गरोदर बायकांना टोकाच्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवलं. पळणं शक्यच नव्हतं, म्हणून लपणं. सगळ्या वाचल्या.

आता आपल्याकडे बघा. आपण पोरांना काय शिकवतो? "मालकांना विचारून सांगतो." रेट असो, डिस्काउंट असो, मालकांना विचार. हीच सवय त्या दिवशी जिवावर बेतू शकते. म्हणून स्टाफला आधीच स्पष्ट सांगून ठेवा: गल्ला उघडा टाकून जायचं, गिऱ्हाइकांना घेऊन जायचं, मला फोन करत बसायचं नाही. कोयता दाखवून कुणी पैसे मागितले तरी देऊन टाकायचे. हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तरच पोरगं ते मानेल.

मग मागचं दार. बऱ्याच दुकानांत तिथे खोकी रचलेली असतात (दिवाळीत तर विचारूच नका). दारच नसेल तर पोटमाळा किंवा आतून कडी लागणारी स्टॉकरूम ठरवा. आत गेल्यावर दिवे बंद, मोबाइल सायलेंट, नुसता व्हायब्रेटवर नाही, आणि जमेल तेव्हा ११२. पोलीस आले की हात रिकामे आणि दिसतील असे ठेवायचे. त्यांना तुम्ही कोण ते ठाऊक नसतं.

या आठवड्यात दहा मिनिटं काढा. एक ते चार मोकळेच असता, हसू नका! प्रत्येकाला काउंटरपासून मागच्या दारापर्यंत एकदा चालायला लावा. आणि त्या दाराची किल्ली तुमच्याच खिशात असेल, तर आजच दुसरी करून काउंटरखाली टांगा.