सेकंड हँड गाडीची वॉरंटी घ्यावी का? आधी प्रश्न नीट मांडू या

"पेट झाली, आता प्रपोजल लिहायचंय, पण रिसर्च क्वेश्चन कसा मांडायचा तेच कळत नाही," असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज त्यासाठी पेपरमधलं उदाहरण न घेता आमच्या घरातलं घेते. मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करते, तरी या गणितात मी एक ढोबळ चूक केली. तीही सांगणार आहे.

आमचं घर पिंपळगाव बसवंतला. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, नाशिकला. एका बाजूचं अंतर तीसेक किलोमीटर. जाताना काही वाटत नाही, पण चार तास मशीनवर काढून परत येताना तिला एसटीत उभं राहणं जमत नाही. दोन वर्षं शेजाऱ्यांच्या गाड्या आणि भाड्याच्या गाड्या यांवर काढल्यावर बाबांनी ठरवलं, सेकंड हँड का होईना, आपली गाडी घ्यायची.

नाशिकमध्ये एका डीलरकडे सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक पसंत पडली. सव्वातीन लाखांत सौदा होत आला तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "वर चौदा हजार भरा, एक वर्ष इंजिन-गिअरबॉक्सचं टेन्शन नाही." मामा म्हणाला, "घेऊन टाका दाजी, माझ्या मित्राचं पन्नास हजारांचं काम फुकटात झालं." बाबा म्हणाले, "मी सोळा वर्षं स्कूटर चालवली, कधी वॉरंटी घेतली होती?" मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. शेवटी घरात संख्याशास्त्रवाली मीच!

मामाकडे एका गाडीचा डेटा, बाबांकडे एका स्कूटरचा. मी दोन दिवस मागून घेतले आणि वॉरंटीच्या अटींचा कागद घरी आणला.

पहिली पायरी : "फायद्याची आहे का?" हा प्रश्नच नाही

"वॉरंटी फायद्याची असते का?" याचं उत्तर देता येत नाही. कुणाच्या फायद्याची? कोणत्या गाडीवर? कोणत्या अटींवर? प्रपोजलमध्ये "सोशल मीडियाचा विद्यार्थ्यांवर परिणाम" असं लिहिलं की गाईड जसे भुवया उंचावतात, तसाच हा प्रश्न आहे. तो मोजता येईल असा करावा लागतो.

मी तो असा केला : *या* गाडीत, पुढच्या एका वर्षात, *या कागदात बसणारा* बिघाड होण्याची शक्यता किती, आणि झाल्यास आपल्या हातात प्रत्यक्षात किती पैसे पडतील?

यात "या कागदात बसणारा" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. गाडी बिघडणं वेगळं आणि वॉरंटीच्या भाषेत बिघडणं वेगळं. अशा कागदांत क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, रबराचे भाग बहुधा वगळलेले असतात. आमच्या कागदातही होते. शिवाय "नैसर्गिक झीज" वगळलेली, आणि विक्रीच्या वेळी आधीच असलेला दोषही वगळलेला. सर्व्हिसिंग त्यांनी सांगितलेल्या वर्कशॉपमध्येच, वेळेवर आणि बिलासह. त्यांची परवानगी घेण्याआधी इंजिन उघडलं तर दावा बाद. वर्षभरात मिळून कमाल चाळीस हजार.

विश्वासार्हतेच्या अभ्यासात 'बाथटब वक्र' नावाची एक आकृती असते. यंत्र नवीन असताना बिघाडाचा दर जास्त असतो, कारण कारखान्यातले दोष तेव्हा बाहेर पडतात. मग तो दर खाली येऊन बरीच वर्षं सपाट राहतो आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा वर चढतो. टबच्या कडांसारखा आकार, म्हणून हे नाव. जुनी गाडी या टबच्या उजव्या कडेकडे सरकत असते. म्हणजे तिचे बरेच बिघाड झिजेचेच असणार, आणि झीज तर कागदात वगळलेली! त्यामुळे 'अचानक बिघाड' आणि 'झीज' यांच्यातली रेषा कोण ठरवणार, हे सही करण्याआधी विचारायला हवं. उत्तर लेखी मिळालं तरच ते उत्तर.

दुसरी पायरी : चौदा हजारांचं गणित

आता आकडे. अंबडच्या गॅरेजमधल्या मेकॅनिक काकांनी या गाडीच्या मोठ्या कामाचा अंदाज साठ हजार सांगितला. वॉरंटी चौदा हजारांची. मग बरोबरी कुठे होते?

सगळे साठ हजार मिळणार असतील तर १४ भागिले ६०, म्हणजे सुमारे २३ टक्के. वर्षभरात असा बिघाड होण्याची शक्यता यापेक्षा जास्त असेल तरच सरासरीत फायदा. पण कमाल मर्यादा चाळीस हजार आहे, म्हणून १४ भागिले ४०, म्हणजे ३५ टक्के. आणि दर पाच दाव्यांतला एक नाकारला जाईल असं धरलं (हे माझं गृहीतक, कुठला सर्व्हे नाही), तर हातात सरासरी बत्तीस हजार. १४ भागिले ३२, जवळपास ४४ टक्के.

गाडी तीच, चौदा हजार तेच. फक्त अटी वाचल्यामुळे उंबरठा २३ वरून ४४ वर गेला. तपासून घेतलेल्या गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स वर्षभरात जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असेल, तर वॉरंटी सोडा, ती गाडीच घेऊ नये.

तिसरी पायरी : शक्यता कुठून आणायची?

मेकॅनिक काकांना विचारलं, "अशा किती गाड्यांचं इंजिनकाम येतं?" ते म्हणाले, "दर आठवड्याला एखादी असतेच." ऐकून बाबा घाबरले. पण काकांच्या दारात बिघडलेल्याच गाड्या येतात. न बिघडलेल्या गाड्या त्यावेळी द्वारका सर्कलला सिग्नलवर उभ्या असतात, त्या काकांना दिसत नाहीत. मामाच्या मित्राचंही तेच. ज्याचा दावा मंजूर झाला तो चार लोकांना सांगतो, ज्याचे पैसे नुसतेच गेले तो गप्प बसतो. यालाच आपण निवडीचा पूर्वग्रह म्हणतो. पुस्तकात वाचताना सोपा वाटतो, समोर आला की ओळखू येत नाही.

म्हणून सगळ्या गाड्यांची शक्यता शोधत बसण्यापेक्षा या एका गाडीबद्दलची माहिती वाढवणं शहाणपणाचं होतं. काकांना दीड हजार रुपये देऊन गाडी तपासून घेतली. इंजिनचं कॉम्प्रेशन, ऑइल, गिअर, खालचा गंज, विल्होळीपर्यंत एक चक्कर. सर्व्हिस रेकॉर्ड आणि कागदपत्रंही पडताळली. चौदा हजारांच्या वॉरंटीने माहिती एका पैशाने वाढत नाही, या दीड हजारांनी वाढते.

ज्याची गाडी त्याला माहीत

इथे एका पेपरची गोष्ट सांगायलाच हवी. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला 'द मार्केट फॉर लेमन्स'. 'लेमन' म्हणजे अमेरिकन बोलीत खराब निघालेली गाडी. मुद्दा साधा आहे. विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देतो, आणि त्या किमतीत चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, सरासरी अजून घसरते. यावरचा एक उपाय म्हणून अ‍ॅकरलॉफ यांनी गॅरंटीचं नाव घेतलं आहे.

पण सगळ्या वॉरंट्या सारख्या नसतात. विकणाऱ्याने त्याच किमतीत स्वतःच्या खिशाच्या जोरावर सहा महिन्यांची हमी दिली, तर ती गाडीबद्दल काहीतरी सांगते, कारण खराब गाडीवर ती देणं त्यालाच महागात पडेल. वेगळे पैसे घेऊन तिसऱ्याच कंपनीची वॉरंटी विकली, तर गाडी बिघडल्याने डीलरचं काही जात नाही. तिच्यातून गाडीची परीक्षा होत नाही. मी डीलरला विचारलं, "वॉरंटी नको, तुम्हीच तीन महिन्यांची हमी लिहून द्याल का?" तो हसला आणि विषय बदलला. ही पण माहितीच!

जाता जाता, तुमच्यासाठी : हा पेपर तीन जर्नलनी नाकारला होता. पहिला नकार आला तेव्हा अ‍ॅकरलॉफ भारतात होते, १९६७-६८ चं वर्ष त्यांनी इथे काढलं. विषय क्षुल्लक आहे, असं कारण दिलं गेलं. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुमचा पेपर परत आला तर दोन दिवस वाईट वाटून घ्या, तिसऱ्या दिवशी पुढच्या जर्नलला पाठवा.

सरासरी तोटा असूनही विमा कधी घ्यावा?

मग चौदा हजार वाचवायचे का? थांबा. सरासरी हे अर्धंच उत्तर. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी एक उदाहरण दिलं. एका व्यापाऱ्याचा माल जहाजाने पीटर्सबर्गला येतोय, किंमत १०,००० रूबल. शंभरातली पाच जहाजं बुडतात, म्हणजे सरासरी नुकसान ५००. विमा मात्र ८०० रूबलचा. सरासरीने बघितलं तर विमा तोट्याचा. पण बर्नुलींनी हिशोब करून दाखवलं की व्यापाऱ्याकडे या मालाशिवाय सुमारे ५,०४३ रूबलपेक्षा कमी संपत्ती असेल, तर त्याने विमा घ्यावा. त्याहून जास्त असेल तर नाही घेतला तरी चालेल. कारण बुडालेला रुपया गरिबाला जास्त लागतो.

म्हणजे एकच कागद एकाला घेण्यासारखा आणि दुसऱ्याला न घेण्यासारखा असू शकतो. गाडी कर्जावर घेऊन भाड्याने चालवणाऱ्या आणि हातात शिल्लक नसलेल्या माणसाला साठ हजारांचा फटका म्हणजे धंदा बंद. त्याने अटी पक्क्या बघून वॉरंटी घेतली तर मी त्याला हसणार नाही. बाबांची थोडी एफडी आहे. साठ हजार जड गेले असते, पण घर थांबलं नसतं.

मग आमच्या घराला न झेपणारं नुकसान कोणतं? हे मला आईने सांगितलं. ती म्हणाली, "पैशाचं बघता येईल गं. गाडी सकाळी सुरूच नाही झाली तर मी जाऊ कशी?" डायलिसिस चुकणं हे ते नुकसान. आणि त्या कागदात दुरुस्ती किती दिवसांत होईल याचा उल्लेखच नव्हता, बदली गाडीची सोय तर नाहीच. मी दोन दिवस चुकीची गोष्ट मोजत होते. प्रपोजलच्या भाषेत, माझा आउटकम व्हेरिएबल चुकला होता.

शेवटी आम्ही वॉरंटी घेतली नाही. चौदा हजार वेगळ्या खात्यात टाकले. गावातल्या दोन गाडीवाल्यांशी बोलून ठेवलं की सकाळी सहाला फोन आला तर यायचं.

आणि माझी चूक

नवव्या महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. बिल साडेअठरा हजार. मामा म्हणाला, "चौदा वाचवले आणि साडेअठरा घालवले. हेच शिकवतात का पीएच.डी.त?"

मी लगेच बचाव केला : एका निकालावरून निर्णय चूक ठरत नाही, नमुना एकचा आहे, वगैरे. मुद्दा खराच आहे. पण रात्री तपासणीचा जुना कागद काढला. त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, "एसी चालू केल्यावर हलका आवाज." मी ते तेव्हा वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. माझ्या तक्त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एवढे दोनच रकाने होते. जे रकान्यात बसत नव्हतं ते मला दिसलंच नाही.

वॉरंटी असती तर मिळाले असते का पैसे? कॉम्प्रेसर यादीत होता, पण आधीपासून असलेला दोष वगळलेला. वाद झाला असता. खरं तर त्या आवाजाचे पैसे सौद्याच्या वेळीच किमतीतून कमी करून घ्यायला हवे होते. म्हणजे वॉरंटी न घेण्याचा निर्णय बरोबर होता, पण घासाघीस मी अर्धवट केली.

तेव्हापासून मी असं सांगते : माहीत असलेला दोष किमतीतून वजा करा. माहीत नसलेला पण झेपणारा खर्च स्वतःच्या खात्यातून करा. माहीत नसलेला आणि न झेपणारा असेल, तरच वॉरंटी बघा, आणि ती नेमकं तेच झाकते का ते कागदावर तपासा. घेतलीच, तर प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल जपा. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तिथे तोंडी आश्वासनापेक्षा कागद कामाला येतो.

आता तुमचं काम. आपल्या प्रपोजलचा प्रश्न एका ओळीत लिहा. त्याखाली लिहा : नेमकं काय मोजणार, माझ्यापर्यंत कोणता डेटा पोहोचतच नाही, आणि माझ्या तक्त्यात कोणता रकाना नाही. तिसऱ्याचं उत्तर एकट्याने सापडत नाही, म्हणून ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. मी त्या वेळी काकांचा कागद आईला दाखवला असता, तर तिने आधी एसीचंच विचारलं असतं. उन्हाळ्यात दुपारी परत येताना मागच्या सीटवर तीच बसते.