ओठ पाहून बदलणारा आवाज

मे 2018. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली एक शाळकरी मुलगी शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर ‘लॉरेल’ शब्दाचा उच्चार ऐकत होती. तिला ऐकू आलं ‘यॅनी’. तिने वर्गमित्रांना विचारलं तर वर्गात दोन तट पडले आणि काही दिवसांत जगभर तेच झालं. त्या ध्वनिमुद्रणातल्या खालच्या पट्टीतल्या लहरींवरून ‘लॉरेल’ वाटे, वरच्या पट्टीतल्या लहरींवरून ‘यॅनी’. वय वाढतं तसं वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होतं. स्पीकरही आवाज बदलतो.

स्वतःच्या कानांवर विसंबून न राहता तिने चौघांना विचारलं. संशोधनाची सुरुवात अशीच होते. आपल्या मुलांनीही या वाटेने पुढे जावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी ‘मॅकगर्क परिणाम’ तर हाताशीच आहे.

हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी 1976 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो दाखवणारा प्रयोग मांडला. पडद्यावरचे ओठ ‘गा-गा’ म्हणत होते, आवाज जोडला होता ‘बा-बा’चा. 98 टक्के प्रौढांनी ऐकलं ‘डा-डा’! डोळे मिटले की पुन्हा ‘बा-बा’. युक्ती कळल्यावरही भ्रम सहसा जात नाही.

कारण आपल्या वर्णमालेतच सापडतं. ग कंठ्य, ब ओष्ठ्य. ‘ब’ म्हणायला ओठ मिटावेच लागतात. ते मिटलेले दिसत नाहीत म्हणून मेंदू ‘ब’ बाद करतो. ‘ग’ला कान दुजोरा देत नाहीत. मग कान आणि डोळे दोघांनाही पटेल असा, तोंडातल्या मधल्या जागेचा वर्ण मेंदू निवडतो.

इथे मराठी मुलांना खरा प्रश्न मिळतो. इंग्रजीत त्या जागी एकच ‘डी’ आहे. आपल्याकडे दंत्य द वेगळा, मूर्धन्य ड वेगळा. मराठी कानाला यातलं कोणतं ऐकू येईल? भाषेनुसार फरक पडू शकतो: जपानी श्रोत्यांमध्ये हा परिणाम कमी आढळला आहे.

हे तपासायला मोबाइलवर चित्रण करून त्याचा आवाज बदलता येतो. नुसता आवाज, नुसतं चित्र आणि दोन्ही एकत्र, असे तिन्ही प्रकार क्रम बदलून दाखवावेत. काय ऐकू येईल ते आधी सांगू नये, पर्यायही देऊ नयेत. ऐकणाऱ्याने ऐकलं तसं लिहावं.

विज्ञान शिक्षकांनो, यंदाच्या शालेय प्रदर्शनात एक टेबल या प्रयोगासाठी राखून ठेवा.