बर्फाखाली कोंडलेला श्वास

चैत्र लागला की माझ्या दवाखान्यात हिमालयात जाणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. कुणाला केदारनाथला जायचे असते, कुणाला मनालीला, तर कॉलेजच्या मुलांना ट्रेकला. रक्तदाब, साखर, गुडघे, विरळ हवा यांबद्दल सगळे विचारतात. बर्फाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. “डॉक्टर, आता तिकडेही उन्हाळाच की!” असे वर मलाच ऐकवतात. पण साठलेल्या बर्फाच्या दृष्टीने हेच दिवस धोक्याचे असतात.

थंडीभर डोंगरउतारावर बर्फाचे थर साचत जातात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढले की वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपते आणि थरांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री तेच पाणी गोठते. म्हणून पहाटे ज्या बर्फावर पाऊल रुतत नाही, तिथेच दुपारी गुडघाभर पाय जातो. हा ओला, जड बर्फ एकदम घसरला की झाले हिमस्खलन. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत वाईट. नुकताच ताजा बर्फ पडून लख्ख ऊन पडले असेल, तर जास्तच जपावे. (ओरडल्याने बर्फ कोसळतो, ही सिनेमातली गोष्ट.)

सिक्कीममध्ये नथुला खिंडीच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजी दुपारच्या सुमारास असाच बर्फ पर्यटकांवर आला आणि सात जण दगावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती. पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते.

पुष्कळांना वाटते, बर्फाखाली माणूस गारठून मरतो. गारठण्याला वेळ लागतो. त्याआधी जातो तो श्वास. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, बोटही हलवता येत नाही. बर्फात थोडी हवा असते, पण सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. शिवाय श्वासातली वाफ तोंडापुढे गोठून बर्फाचा कडक पापुद्रा धरते आणि उरलेली हवाही अडते. युरोपातील नोंदी सांगतात की पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाच्या आसपास हे प्रमाण दहापैकी तिनांवर येते. हवा मिळाली तर मात्र माणूस टिकतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ ५४ कामगार हिमस्खलनात सापडले. त्यांतले ४६ वाचले. अनेक जण लोखंडी कंटेनरमध्ये होते, तिथे श्वास घेण्यापुरती हवा होती.

म्हणूनच खरी मदत बरोबरच्या माणसांची. सगळ्यांनी गावाकडे धावत सुटू नये. माणूस शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवून तिथून उताराच्या खालच्या बाजूला लगेच शोध घ्यावा. एकाने फोन करावा. सापडल्यावर आधी तोंड व छाती मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर प्रथम तोंडाने पाच श्वास द्या, मग छाती दाबायला लागा. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच पाजू नका. आडवे ठेवून, ओले कपडे काढून, कोरड्या पांघरुणात अलगद न्यावे. बराच वेळ गाडला गेलेला थंडगार माणूस मृत दिसला, तरी निर्णय डॉक्टरांवर सोडा. असे रुग्ण ऊब देऊन परत आल्याची उदाहरणे आहेत. आपण स्वतः सापडलात, तर बर्फ थांबण्याआधी दोन्ही हात तोंडापुढे आणून पोकळी करा.

ट्रेकला मुलगा पाठवणाऱ्या पालकांनी संयोजकाला सरळ विचारावे : प्रत्येकाजवळ संदेश देणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे आहे का? उत्तर टाळले, तर मी पैसे भरणार नाही. चंडीगढची संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते संयोजक पाहतो का, हेही विचारा.

केदारनाथच्या वाटेवर मोसमाच्या सुरुवातीला बर्फ कापून रस्ता केलेला असतो. असे पट्टे सकाळीच ओलांडा, अंतर ठेवून चाला, फोटोसाठी तिथे थांबू नका. आणि डोळ्यांना कडेने झाकणारा काळा चष्मा लावा. बर्फावरच्या उन्हाने डोळे संध्याकाळी लाल होऊन इतके चुरचुरतात की एक-दोन दिवस उघडवत नाहीत.