सीओटूची बाटली विकताय? आधी रात्रीचा विचार करा



प्लांटेड ॲक्वेरियम, म्हणजे खरी झाडं लावलेला फिशटँक, आता माझ्याकडे बरेच जण मागतात. झाडं जोमात वाढावीत म्हणून पाण्यात कार्बन डायऑक्साइड, आपल्या भाषेत सीओटू, सोडावा लागतो. सिलिंडरचा सेट महाग पडतो. म्हणून घरगुती सिस्टिम हा छोट्या दुकानदारासाठी चांगला माल आहे. पण यातली मुख्य गोष्ट मी ठेच लागून शिकलो.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी एका काकांना मी साखर-यीस्टची बाटली दिली. दोन लिटरची बाटली, दोन कप साखर, पाव चमचा यीस्ट, कोमट पाणी आणि वर चार बोटं मोकळी जागा. यीस्ट साखर खातं, गॅस तयार होतो, नळीतून टँकमध्ये जातो. काकांनी झाडं लवकर वाढावीत म्हणून यीस्ट दुप्पट टाकलं. सकाळी सहाला फोन आला, "अरे, मासे वर येऊन तोंड उघडतायत!" मी पोचेपर्यंत चार मासे गेले होते.

चूक कोणाची? माझी. मी बाटली विकली, माहिती दिलीच नाही. यीस्टला बटण नसतं, गॅस रात्रंदिवस चालू राहतो. झाडं मात्र सीओटू फक्त उजेडात घेतात. अंधारात तीही ऑक्सिजन घेऊन सीओटूच सोडतात. काकांना मी माशांचे पैसे दिले आणि त्या दिवसापासून हे नियम केले:

१. बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या. साध्या पाण्याची बाटली प्रेशर सहन करत नाही. नळी तुंबली तर फुटू शकते.

२. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, म्हणजे टँकचं पाणी उलटं येत नाही. मध्ये पाण्याची एक छोटी बाटली जोडा, यीस्टचा फेस तिथेच अडतो.

३. रात्री एअर पंप चालू ठेवायला सांगा. पाणी वरून हललं की जास्तीचा गॅस उडून जातो.

४. सोबत ड्रॉप चेकर द्या. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे धोका.

ज्यांचं बजेट थोडं जास्त आहे त्यांना सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा दोन बाटल्यांचा सेट दाखवा. त्यात नीडल व्हॉल्व्हने गॅस कमी-जास्त करता येतो. पण प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला तयार सेटच विका. इथे जुगाड नको.

आता धंद्याचं बोलू. यीस्टची बाटली दोन-तीन आठवड्यांत थकते. गॅस कमी-जास्त झाला की शेवाळ वाढतं आणि ग्राहक म्हणतो, "तुमच्या मालात दम नाही." म्हणून बाटलीवर तारीख लिहा आणि बाराव्या दिवशी स्वतः फोन करा. रिफिलसाठी तो तुमच्याकडेच येईल. बीबीएला आम्हाला कॉस्टिंग शिकवलं, पण किमतीत हा फोन आणि समजावण्याची पंधरा मिनिटंही धरायची असतात, हे दुकानानेच शिकवलं.

पहिली बाटली विकण्याआधी ती महिनाभर स्वतःच्या टँकवर चालवा. रोज वहीत लिहा: गॅस किती, रंग कोणता, मासे कसे. ती वहीच तुमचं सूचनापत्रक होईल. माझं तसंच झालं. पहिली प्रत मी काकांना दिली. ते आजही माझ्याकडूनच रिफिल नेतात.