शेतातली माती शेतातच



वळवाचा पहिला दणका झाला की ओढ्याला गढूळ पाणी येतं. तो गढूळपणा म्हणजे आपल्या वावरावरची साय आहे, बरं का! हिशेबच करा. एक एकरातून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर ती माती भरते सुमारे ५ टन. गाडीत अर्धा टन धरला तर दहा गाड्या! दहा गाड्या शेणखत कोणी नेलं असतं, तर आपण गावभर बोभाटा केला असता.

हे होतं कसं? उघड्या जमिनीवर थेंब आपटतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण सुटे होऊन जमिनीची छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, उताराने पळू लागतं. आधी रेघा, मग ओघळी, शेवटी बैलही उतरणार नाही अशी घळ. रब्बी ज्वारीचं रान तर पावसाळ्यात उघडंच असतं. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, त्यातून जी पद्धत ठरली तिच्यात बांधबंदिस्तीला मोठं स्थान होतं. पुढं १९४२ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला.

आता खरी अडचण सांगतो. समपातळीचा बांध पाण्याच्या हिशेबानं जातो, सातबाऱ्याच्या हिशेबानं नाही. तो माझ्या रानातून तिरपा शिरतो, पट्टी अडवतो, औत फिरवताना आडवा येतो. म्हणून कित्येकांनी सरकारी बांध नांगरून टाकले. त्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही. भारी काळ्या रानात समपातळी बांधामागं पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात भेगा पडलेला बांध पहिल्या पावसात फुटतो. अशा रानाला किंचित ढाळ दिलेला बांध हवा. जादा पाणी सावकाश गवताळ चरातून ओढ्याला जाईल. हलक्या, मुरमाड रानात मात्र समपातळी बांध चांगला. सांडवा दगडाने पिचून घ्यावा, बांधावर मारवेल लावावं. आणि ज्याला बांधाचा खर्च झेपत नाही, त्यानं निदान नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी. त्याला पैसा लागत नाही.

गुरुजी, समपातळी काढायला दुर्बीणच हवी असं नाही. दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी ठोका, वरून गवंड्याचा ओळंबा सोडा. सपाट फरशीवर दोरी जिथं टेकेल तिथं आडव्या काठीवर खूण करा. काठ्यांची जागा अदलाबदल करून पुन्हा बघा; दोन खुणा पडल्या तर मधोमध तिसरी करा. रानात दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय तिथंच रोवून दुसरा फिरवत चला आणि मुलांना मागून खुंट्या मारायला सांगा. काम माथ्यापासून सुरू करा. वरच्या शेताचं पाणी मोकळं सुटलं तर खालचा बांध कितीही भक्कम असो, टिकायचा नाही. तेव्हा खुंट्या मारायच्या दिवशी वरच्या आणि खालच्या दोन्ही शेतकऱ्यांना बोलावून घ्या.